शेवंतीला अंधार लागतो

कळंबोली
१४ सप्टेंबर

ताई,
जय भीम.

हे पत्र मी जूनपासून लिहितोय. म्हणजे लिहीत नव्हतो, लिहायचंय असं रोज म्हणत होतो. आधी तुझा पत्ता नव्हता. तो चेंबूरच्या मावशीकडून एका बिलामागे लिहून आणला, तर ते बिल पँटीबरोबर धुतलं गेलं. परत मावशीकडे गेलो. तिने परत पत्ता दिला, वर जेवायला घातलं आणि म्हणाली, "लिहिणारेस का नुसता जेवायलाच येतोस?" म्हणून आज बसलो.

फोन का नाही केला म्हणशील. तुझा जुना नंबर आता नांदेडच्या एका टायरवाल्याकडे आहे. दोनदा माझ्यावर चिडला. तिसऱ्यांदा त्यानेच विचारलं, "भेटली का बहीण?" चांगला माणूस आहे. टायरमध्ये नायट्रोजन भरावा की साधी हवा, यावर आम्ही बराच वेळ बोललो. ते जाऊ दे.

मी घरी आलोय. उरणच्या कंटेनर यार्डातलं काम सुटलं. सुटलं म्हणजे मी सोडलं. दिवसभर डब्यांचे नंबर वाचायचे आणि एकही डबा आतून बघायचा नाही, हे माझ्याच्याने होईना. पप्पांनी दार उघडलं, बॅग बघितली आणि विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, बघू. "चपात्या किती टाकू ते कळायला पायजे," म्हणाले. एवढंच.

आता खरी गोष्ट. पप्पांनी शेवंती लावलीय.

आईचीच. हसू नको आणि पत्र फाडूही नको, पुढे वाच. तू गेलीस त्या वर्षी पावसात कंपाउंडच्या भिंतीमागे, जिथे त्यांनी कुंड्या रिकाम्या केल्या होत्या ना, तिथे कोंब आले. त्यांनी ते उचलून आणले आणि पुढच्या अंगणात भिंतीलगत जमिनीत लावले. आपल्या लाइनीत सगळ्यांनी पुढची जागा पत्रे टाकून बांधून घेतली, आपलीच मोकळी राहिलीय, म्हणून ऊन दिवसभर आपल्याच अंगणात असतं. झाडं अशी माजलीत की बघत राहावं. पानं हिरवीगार, बुंधा बोटाएवढा. पण फूल नाही. तीन वर्षांत एकदाही नाही.

शेजारचे श्यामसुंदर काका म्हणतात, "सिताराम, ही शेवंती नाय, पालक हाय. भाजी कर." पप्पा त्यांच्याशी बोलत नाहीत. संध्याकाळी खुरपं घेऊन बसतात, माती हलवतात, शेंडे खुडतात, आणि काका घरात गेले की मला विचारतात, "तुझ्या आईची कधी फुलायची रे?"

मी म्हटलं, डिसेंबरात. सहा डिसेंबरच्या सकाळी विहारात न्यायची ना ती.

"ते माहीत हाय," म्हणाले.

एवढंच सांगायचं होतं. उत्तर पाठवलंस तर बरं. नाही पाठवलंस तरी मी इथे आहे. निदान या आठवड्यात आहे.

निशांत


५ ऑक्टोबर

ताई,
तुझं उत्तर नाही, ठीक आहे. मला एक शोध लागलाय तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

परवा माझा दोस्त बंडू, त्याच्याबरोबर पनवेलला गेलो होतो. त्याला सेकंडहँड गाडी बघायची होती. गाडी नाही बघितली, मिसळ खाल्ली आणि एका माणसाचे कबुतरखाने बघत बसलो. घरी आलो तेव्हा पप्पा झोपलेले आणि दाराबाहेरच्या ओट्यावरचा दिवा चालू. मी सवयीने बटण बंद केलं. आईचा नियम तुझ्या लक्षात असेलच, शेवटी येईल त्याने दिवा बंद करायचा. तुझी हॉस्पिटलची सेकंड शिफ्ट असायची तेव्हा मी अंथरुणात पडल्या पडल्या त्या बटणाचा आवाज ऐकायचो. टक झालं की ताई आली.

तर मी बंद केला, आत गेलो, चपला काढतोय तोवर परत टक. पप्पा उठून आले होते. दिवा लावला होता.

मी म्हटलं, "पप्पा, मी आलो. मीच शेवटचा."

"नाय," म्हणाले. "शेवटचं मानूस यायचंय अजून." आणि जाऊन झोपले.

ताई, तो दिवा तीन वर्षं रात्रभर जळतोय. बल्ब गेला तर दुसरा लावतात, आधीपेक्षा मोठा. श्यामसुंदर काकांनी त्यांच्या खिडकीला जाड पडदा लावून घेतलाय, पण बोलत काही नाहीत.

आता शोध. सकाळी मी दात घासत पाण्याच्या निळ्या ड्रममागे गेलो. तिथे एक झाड चुकून आलंय, कुणी न लावता. किडकिडीत, बाकीच्यांपुढे अगदीच गरीब. त्याला कळ्या होत्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, पण कळ्या. समोरच्या माजलेल्या झाडांना एक नाही.

मी पेस्ट तोंडात तशीच ठेवून उभा राहिलो. ड्रममागे दिव्याचा उजेड पोचत नाही.

तळेगावकडच्या पॉलीहाऊसमध्ये मी काही दिवस होतो ना, तिथे शेवंतीवर रात्री बल्ब लावायचे. माळाच्या माळा. मला वाटायचं चोरांसाठी असतील. निघायच्या दिवशी तिथल्या एकाने सांगितलं होतं, की शेवंती अंधार मोजते. रात्र मोठी झाली असं तिला वाटलं की ती कळी धरते. शेठला फूल उशिरा पाहिजे असलं की बल्ब लावून तिला फसवायचं. तेव्हा माझं अर्धं लक्ष गाडीच्या हॉर्नकडे होतं, तरी एवढं डोक्यात राहिलं बघ.

म्हणजे पप्पा तुझ्यासाठी दिवा ठेवतात आणि त्या दिव्यामुळे आईची शेवंती फुलत नाही.

हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. भिंतीकडे बघितलं, बल्बकडे बघितलं.

"मग नाय फुलली तर नाय फुलली," म्हणाले.

मी म्हटलं, बल्बवर पुठ्ठा लावू, उजेड एका बाजूला जाईल. तर म्हणे कोपऱ्यावरून दिसला पाहिजे. झाडं मागे नेऊ म्हटलं, तर मागे ऊन कुठे आहे, मोरी आहे. शिवाय जमिनीतली उपटली तर या वर्षी फूल विसराच. मग मी म्हटलं, झाडांवर काहीतरी झाकू. रात्री झाकायचं, सकाळी काढायचं.

"झाडाला काय झोप लागते काय?"

"लागते."

"आनि रोज झाकनार कोन? तू?"

असं विचारलं की मला राग येतो. मी म्हटलं, हो, मी.

श्यामसुंदर काकांनी नवीन फ्रीज घेतलाय, दोन दारांचा. त्याचा खोका मागून आणला. आपल्या वाफ्यावर एका बाजूने बरोब्बर बसतो. दुसऱ्या बाजूसाठी त्यांच्या भावाच्या वॉशिंग मशीनचा मिळाला. काका म्हणाले, "निशांत, पाऊस आला तर फ्रीज आत घे रे."

म्हणजे आता मी दिवेलागणीला घरी असायचं आणि सकाळी उठायचं. मी. तू विश्वास ठेवणार नाहीस, मलाही खात्री नाही.

निशांत


१९ ऑक्टोबर

ताई,
तुझं कार्ड मिळालं.

एकच ओळ, खाली नाव नाही, तरी "ख" तू अजून तसाच काढतेस. "पप्पांना सांग, आता शेंडे खुडू नका, कळ्या जातील."

मी घरात नव्हतो, पोस्टमनने दारातून आत टाकलं होतं. आलो तर कार्ड मीटरच्या पेटीवर उभं करून ठेवलेलं आणि पप्पा भांडी घासत होते. मी विचारलं, कुणाचं पत्र? "वाच ना, तुझ्या नावावर हाय," म्हणाले. भांडी घासून झाली होती, तरी घासतच होते. त्या संध्याकाळी वाफ्यात बसले, पण हात मांडीवर. एकदा सवयीने शेंड्याकडे गेला आणि परत आला.

"पप्पांना सांग" असं तू लिहिलंस, हे त्यांनी किती वेळा वाचलं असेल मला माहीत नाही. मी फक्त माझं सांगतो, मी बऱ्याचदा वाचलं.

आता एक कबूल करतो. मंगळवारी माझ्याकडून खोका राहिला. बंडू म्हणाला भाऊच्या धक्क्यावरून बोटीने उरणच्या मोरा बंदरात जाऊ, संध्याकाळच्या आत परत. बोटीवर एक जण कुठल्यातरी जहाजावर स्वयंपाकी होता, त्याच्या गोष्टी ऐकत बसलो. मग त्याने घरी नेलं, बोंबील खाऊ घातले, शेवटची बोटही गेली आणि शेवटची एसटीही. मी तिथेच झोपलो. झोपलो काय, सारखा तो खोका आठवत होता. असं मला याआधी कशासाठी झालेलं नाही. एखादी नोकरी सोडतानासुद्धा.

सकाळी पळत आलो. खोके वाफ्यावर होते. वर दोन विटा. पप्पा खुर्ची टाकून शेजारी चहा पीत होते.

"वारा होता," म्हणाले. "विटा ठेवायच्या. तू ठेवत नाय, म्हनून एक बाजू उचलते."

"तुम्ही झाकलं?"

"मग काय श्यामसुंदर झाकनार?"

मी खाली बसलो. चहा संपवून ते बोलायला लागले. ते मी जसं आठवेल तसं लिहितो.

म्हणाले, "मला काय माहीत रे. तळोज्याला तीस वर्सं शिफ्ट केली. फुलली की तुझी आई दाखवायची, बघ म्हनायची, मी बघायचो. कापायची कधी, खत घालायची कधी, मी कंपनीत नायतर झोपेत. हिवाळा संपला की ती कापून मूठभर ठेवते, हे मला कुनी सांगितलं? मला दिसल्या काड्या. तिच्या पुण्यानुमोदनाला मानसं येनार, खुर्च्या टाकायच्या, म्हटलं मेलेली झाडं दारात कशाला."

ताई, त्या दिवशी खुर्च्या मीच लावत होतो. तू रिक्षातून उतरलीस, तुझी छोटी मैत्री कडेवर होती, आणि रिकाम्या कुंड्या उपड्या घातलेल्या बघून तू जे बोललीस ते सगळ्या पाहुण्यांनी ऐकलं. की आईला जाऊन चार दिवस नाही झाले आणि तुम्ही तिला कचऱ्यात टाकलंत. पप्पा म्हणाले, एवढं वाटतं तर तू घेऊन जा सगळं आणि परत येऊ नको. तेही सगळ्यांनी ऐकलं. तेव्हा मला तुझं खरं वाटलं होतं. अजूनही तुझं खोटं वाटत नाही. पण काड्या बघून तो माणूस फसला, एवढंच झालं होतं गं. त्याने ते झाड कायम फुललेलंच बघितलं होतं.

शेवटी म्हणाले, "हे तिला लिहू नको."

म्हणून लिहिलं.

निशांत


१६ नोव्हेंबर

ताई,
कळ्या आल्यात. सगळ्या झाडांना. पप्पांनी श्यामसुंदर काकांना हाक मारून दाखवल्या. काका वाकून बघत म्हणाले, "पालकाला फूल येतंय की रे." पप्पा हसले. मी त्यांना हसताना बघून इतका चकित झालो की खोका माझ्या पायावर पडला.

बंडूचा फोन होता. मनालीला हॉटेलात काम आहे, राहणं-जेवणं धरून, बर्फ बघायला मिळेल. एरवी मी बॅग भरूनच फोन ठेवला असता. या वेळी म्हटलं, डिसेंबरनंतर बघू. तो म्हणाला, "काय रे, पोरगी आहे काय?" मी म्हटलं, आठ-दहा आहेत, रोज संध्याकाळी झाकाव्या लागतात. त्याने फोन कट केला.

एक गंमत सांगतो. आपण झाडाला एवढा अंधार देतो, तर खोक्याच्या भोकातून, जिथे हात घालून उचलायला जागा असते ना, तिथून दिव्याची एक तिरीप आत जाते. तेवढीच एक फांदी मागे राहिलीय. बाकी कळ्यांवर, ती पानांवर. पप्पांनी ते भोक चिकटपट्टीने बुजवायला घेतलं आणि मग थांबले. म्हणाले, "राहू दे. एक मागून फुलू दे. उशिरा येनाऱ्याला बघायला कायतरी पायजे ना."

ते तुझ्याबद्दल बोलले का फांदीबद्दल, मी विचारलं नाही.

पण मी तुला विचारतो. येशील का? सहा तारखेला सकाळी विहारात फुलं न्यायचीत. गेली तीन वर्षं पप्पा बाजारातला हार नेतात आणि सगळ्यांच्या मागे बसतात. यायचं नसेल तर नुसतं कळव, की दिवा बंद करा. तू सांगितलंस तर ते करतील. माझ्या सांगण्याने करणार नाहीत. या दोन्हीपैकी काहीच झालं नाही, तर मी जाईन तेव्हा हा माणूस रोज एकीकडे खोका झाकत बसेल आणि दुसरीकडे दिवा लावत बसेल, आणि ते मला बघवणार नाही. माझा काही नेम नाही, तुला माहीत आहे. मी कायमचा खोका झाकायला राहणारा माणूस नाही.

दाजींना नमस्कार. मैत्री आता बोलत असेल ना भरपूर?

निशांत


५ डिसेंबर, संध्याकाळ

ताई,
तुझं काहीच उत्तर नाही, म्हणून हे शेवटचं असं ठरवून बसलो होतो. जरा रागातच बसलो होतो, खरं सांगतो.

फुलं उमललीत. पांढरी, मध्ये पिवळसर, थंडी लागली की कडेला गुलाबी होतात तीच. वास पण तोच, कडवट, आईच्या हाताला यायचा तसला. पप्पा आईची कात्री घेऊन वाफ्यात बसलेत. प्रत्येक फूल कापायच्या आधी माझ्याकडे बघतात, हे घेऊ का, म्हणून. मी ओट्यावर बसून लिहितोय आणि मान हलवतोय. अजून उजेड आहे, दिवा लावायला थोडा वेळ आहे, खोके भिंतीला टेकवून ठेवलेत.

इथपर्यंत लिहिलं आणि फाटक वाजलं.

एक छोटी पोरगी आत आली. लाल स्वेटर, एका पायातला मोजा खाली आलेला. सरळ वाफ्यापाशी गेली आणि पप्पांच्या समोर उकिडवी बसली. मला वाटलं लाइनीतलीच कुणाची तरी असेल.

पप्पा म्हणाले, "कोनाची गं तू?"

"माझ्या आईची."

"आनि आई कुठं हाय?"

"रिक्षात हाय. तुमच्याकडं बिस्कुट हाय का?"

पप्पांची कात्री हातातच राहिली. तेवढ्यात फाटकात दाजी. हातात बॅग, घामाघूम, माझ्याकडे बघून म्हणाले, "निशांत, आली हाय. कोपऱ्यावर रिक्षातनं उतरंना झालीया. मला म्हणाली, दिवा दिसतोय का बघून या. ही आमची आधी पळाली."

दिवा लागलाच नव्हता ना, ताई. अजून उजेड होता. तीन वर्षं तो रात्रभर जळला आणि तू आलीस ती तो लागायच्या घटकाभर आधी.

पप्पा उठले. मी त्यांना असं उठताना बघितलेलं नाही, फुलं मांडीवरून सगळी खाली. ओट्यावर चढले, माझ्या पायावर पाय देऊन, आणि बटण दाबलं. आता लखलखीत उजेड आहे. तुला तिथून दिसत असेल. ते बटणापाशीच उभे आहेत, भिंतीला हात लावून, पुढे येत नाहीत. मी म्हटलं, जा ना पप्पा, घेऊन या तिला. तर म्हणतात, "मीच नको ये म्हनालो होतो. आता मी गेलो नि ती उतरली नाय तर?"

तिकडे तू बसलीयेस, इकडे हे उभे आहेत. तुम्ही दोघं एका मातीची आहात, दुसरं काय.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. दाजींच्या हातात देतोय, ते तुला तिथेच देतील. रिक्षाच्या उजेडात वाचता येईल. अक्षर खराब आहे कारण मैत्री माझ्या कोपराला टेकून बसलीय आणि विचारतेय मी काय लिहितोय. ती परत रिक्षाकडे जायला तयार नाही, तिने बिस्किटाचा पुडा फोडलाय आणि एक बिस्कीट पप्पांना दिलंय. त्यांनी ते हातात धरून ठेवलंय. म्हणजे तिला न्यायला तरी तुला यावंच लागणार.

खोके आज झाकले नाहीत. झाकणारही नाही.

बटण अजून जुन्याच जागी आहे, मीटरच्या पेटीखाली. आता घरात सगळे आलेत, एक माणूस सोडून. दिवा तुलाच बंद करायचाय.

निशांत